सोमनाथचे सोमवार

सोमनाथ कुबल सोमवारचा उपास करत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ यावरूनच झाला आणि तो मी घातला.

यूएईतल्या फुजैराला आमच्या ऑफिसात तो ड्रायव्हर होता. बंदराबाहेर नांगर टाकून जहाजं उभी असतात, त्यांना इंधन पुरवायचं काम आमची कंपनी करायची. मी ऑपरेशन्स मॅनेजर. इंधनाचा बार्ज, म्हणजे टाक्यांची सपाट बोट, उशिरा पोचला की शिव्या खायच्या आणि वेळेवर पोचला तर कुणाला माझी आठवणही यायची नाही, अशी ती नोकरी. बायको साधना आणि मुलगा निनाद यांच्यासह मी कॉर्निशजवळच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याजवळच्या, फ्लॅटमध्ये राहत होतो. गावात मराठी कुटुंबं मोजून अकरा. गणपतीत ही अकरा घरं एकमेकांकडे आरतीला जायची. सोमनाथही यायचा. टाळ वाजवायचा, प्रसाद घ्यायचा आणि पान मांडायची वेळ झाली की पॅसेजमध्ये जाऊन उभा राहायचा. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आत ये, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

तो मालवणच्या खालचा, देवबागचा. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, अशा चिंचोळ्या पट्टीवर त्याचं घर. आजा मच्छीमार, बाप मच्छीमार, दोन भाऊ मच्छीमार. हा एकटा लायसन काढून गल्फला आला. वय तेव्हा पस्तिशीचं. अंगाने काटक, बोटं जाळ्याच्या दोरीने कायमची खरखरीत झालेली, आणि तोंड मात्र सतत चालू. कंपनीच्या खोलीत तो आणि रत्नागिरीचा हमीद मेकॅनिक असे दोघे राहायचे. सोमनाथ बाजारातून मासे आणणार आणि हमीद खोबरं वाटणार, अशी त्यांची वाटणी होती.

एकदा एका फायलीसाठी मी दुपारी त्यांच्या खोलीवर गेलो, तर सोमनाथ बांगड्याचा काटा चोखत बसला होता. मी त्याला चिडवलं, "अरे, नाव सोमनाथ आणि सोमवारी बांगडा?"

"माझे सोमवार आवस करता साहेब," तो म्हणाला. "मी दर्यापलीकडे आसंय म्हणान ती माझ्यासाठी उपास धरता. दोघांनी कित्याक उपाशी रवाचा?"

आवस म्हणजे त्याची आई, तानुबाई. मला ते उत्तर इतकं आवडलं की मी ते घरी साधनाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, दोनतीनदा पार्टीत सांगितलं. थोडक्यात, सोमनाथ सोमवारी जेवतो हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

हिराओका नावाचे एक जपानी गृहस्थ शहाण्णव साली पहिल्यांदा फुजैराला आले. एका जपानी जहाज कंपनीचे सुपरिंटेंडंट. त्यांची सगळी जहाजं इंधनासाठी आमच्याकडे वळवायची की नाही, हे तेच ठरवणार होते. पन्नाशी उलटलेला, बारीक, कमालीचा अबोल माणूस. दोन दिवस मी त्यांच्या मागे होतो. बार्ज दाखवला, टाक्या दाखवल्या, प्रेझेंटेशन दिलं. प्रत्येक गोष्टीवर ते मान हलवायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. शेवटी मी विचारलं, "सर, दुबईत काही खास खायची इच्छा?" तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "ऊनागी."

ऊनागी म्हणजे वाम. सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. आपल्याकडे कोकणात खातात तोच, फक्त त्यांचा गोड्या पाण्यातला. दुबईच्या देरा भागात खाडीजवळच्या एका जुन्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर एक छोटं जपानी रेस्टॉरंट होतं. त्याचा म्हातारा मालक स्वतः वाम भाजायचा. जिवंत वामी रविवारच्या विमानाने यायच्या, त्यामुळे भाजलेली वाम तिथे फक्त सोमवारी मिळायची. हा सोमवार मी ठरवलेला नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

तर सोमवारी दुपारी आम्ही निघालो. सोमनाथ गाडी चालवतोय, मी आणि हिराओका मागे. मसाफीच्या डोंगरातून जाताना मी त्यांना यूएईच्या तेलसाठ्यांविषयी सांगत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच सोमनाथने आरशात बघून विचारलं, "सर, ऊनागी मीन्स दिस फिश?" आणि स्टिअरिंगवरचा एक हात सोडून त्याने हवेत वाम पोहवून दाखवली. हिराओका एकदम पुढे सरकले.

मग दुबई येईपर्यंत मागच्या सीटवर मी एकटाच होतो म्हणा ना. सोमनाथने सांगितलं, त्याचे वडील खाडीच्या खडपात, दगडांच्या फटींत, हात घालून वाम काढायचे आणि ती हातातून निसटू नये म्हणून आधी पंजाला चुलीतली राख चोळायचे. राखेला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवेना, तर त्याने तोंडाने फुंकर मारून, बोटं चोळून ती राख करून दाखवली. हिराओकांनी सांगितलं, त्यांच्याकडे वामीचं डोकं फळीवर खिळ्याने ठोकतात आणि मग सुरीच्या एका फटक्यात पाठ चिरतात. दोघांच्या इंग्रजीचा नुसता आनंद होता, पण एकमेकांचं सगळं कळत होतं. हिराओका दोनदा मोठ्याने हसले. दोन दिवसांत माझ्या एकाही वाक्याला ते तसे हसले नव्हते.

मला राग आला. होय, रागच. एवढ्या मोठ्या क्लायंटला मी जीव तोडून सांभाळतोय आणि हा माझा ड्रायव्हर त्याला राख चोळून दाखवतोय!

हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर हिराओका थांबले, वळले आणि म्हणाले, "सोमनाथ-सान, प्लीज. यू ऑल्सो." सोमनाथ माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत बक्षिसाला नाव पुकारलेल्या पोराचं असतं तसं हसू होतं. शर्ट नीट करायला त्याचा हात वरही गेला होता.

आणि मी म्हणालो, "सर, ही कॅनॉट. टुडे इज मंडे. रिलिजस फास्ट. ही डझन्ट ईट एनीथिंग."

का म्हणालो? ड्रायव्हर टेबलाशी बसला तर कंपनीत काय म्हणतील, हे एक कारण. तो भुरके मारत, काटे चोखत जेवेल, हे दुसरं. पण खरं कारण तिसरंच होतं आणि ते मला त्याच क्षणी माहीत होतं. तो बोलेल आणि मी गप्प बसेन, याची मला भीती वाटली.

सोमनाथला तेवढं इंग्रजी येत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. ते हसू कुठे गेलं ते कळलं नाही. मग मान खाली घालून तो म्हणाला, "येस सर. फास्टिंग सर."

हिराओकांनी दोन्ही हात मांड्यांशी लावून त्याला वाकून नमस्कार केला. माझ्या ऑफिसच्या ड्रायव्हरला, हॉटेलच्या पार्किंगमध्ये. आणि आम्ही वर गेलो.

वर आठच टेबलं होती. काचेपलीकडे मालक निखाऱ्यांवर पंख्याने वारा घालत होता. तिथे ऑर्डर दिल्यावर पाऊण तास थांबावं लागतं, कारण वाम तुमच्यासमोर कापून, आधी वाफवून, मग रसात बुडवून बुडवून भाजतात. तो पाऊण तास मला खायला उठला. हिराओका चहा पीत बसले होते. त्यांनी मला एकूण तीन प्रश्न विचारले. त्यातले दोन सोमनाथविषयी होते. मग लाखेचे काळेभोर चौकोनी डबे आले. झाकण उघडलं की खाली भात आणि वर तपकिरी, तुकतुकीत वामीचे काप. चव विचाराल तर मला आठवत नाही. काड्यांनी माझा भात सांडत होता, एवढं आठवतं. आणि हिराओका डबा उचलून, तोंडाला लावून, खुशाल आवाज करत जेवत होते.

खाली आलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्या स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा बरोबर मागच्या पार्किंगवर उघडत होता. आमच्या गाडीवर. दोन तास सोमनाथ त्या वासात बसून होता, आणि सकाळपासून त्याच्या पोटात फक्त चहा आणि खुबूस, म्हणजे अरबी रोटी, एवढंच होतं.

परतताना काही खाऊन घे असं त्याला म्हणायची सोय नव्हती, कारण हिराओका गाडीतच होते. मसाफीच्या बाजाराशी त्यांनीच गाडी थांबवायला सांगितली. उतरून स्वतः केळी घेऊन आले. "फ्रूट, ओके फॉर फास्टिंग?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ओके. सोमनाथने गाडीबाहेर उभं राहून दोन केळी खाल्ली आणि सालं नीट कागदात गुंडाळून डिकीत ठेवली.

जहाजांचं काम आम्हाला मिळालं. मला बढतीही मिळाली. हिराओका दर तीनचार महिन्यांनी यायला लागले आणि दर खेपेला आमची दुबईची वारी सोमवारीच ठरायची, कारण वाम सोमवारीच. दर वेळी जिन्याशी ते वळायचे, "सोमनाथ-सान, टुडे ऑल्सो?" आणि सोमनाथ म्हणायचा, "येस सर. फास्टिंग." दर वेळी मसाफीला केळी. मी आपलं मनाला समजावलं होतं, की याचं त्याला काही वाटत नसणार, दोन तास झोप मिळते, बरंच आहे. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

सत्त्याण्णवच्या शेवटी हिराओका आले तेव्हा फार उतरलेले होते. दुबईच्या वाटेवर धैदच्या आसपास त्यांनी एकदम पुढे वाकून, माझ्याशी नव्हे, सोमनाथशी बोलायला सुरुवात केली. त्यांच्या बायकोला कॅन्सर निघाला होता. ते म्हणाले, "सोमनाथ-सान, आय हॅव नो रिलिजन. बट यू आर सिन्सिअर मॅन. युअर मंडे... प्लीज, फॉर माय वाइफ ऑल्सो."

सोमनाथने गाडी हळू केली. मग म्हणाला, "येस सर. प्रॉमिस सर."

मला वाटलं, काय बेमालूम नाटक करतो हा! घरी येऊन मी साधनाला त्या वचनाचं सांगितलंसुद्धा, वर हसलो. ती हसली नाही. मुळात तो उपास मी थापला होता, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, सोमनाथ खरंच भाविक झाला असेल. आजही तिला तसंच वाटतं.

नव्व्याण्णवच्या जुलैत एका दुपारी जेटीवरून फोन आला, सोमनाथ चक्कर येऊन पडलाय. कागदपत्रं घेऊन तो लाँचपर्यंत गेला होता आणि परत येताना गाडीच्या सावलीत बसला तो उठलाच नाही. मी क्लिनिकमध्ये पोचलो तेव्हा त्याला सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उन्हात हा माणूस सकाळपासून पाणीसुद्धा पुरेसं प्यायलेला नाही.

बाहेर बाकावर हमीद बसला होता. मी त्याला विचारलं, "काय रे, घरी भांडण वगैरे?"

"भांडण कसलं साहेब! आज सोमवार नाय का?" हमीद माझ्यावरच वैतागला. "मी रमजानचा एक महिना धरतो, हा बारा महिने सोमवार धरतो. संध्याकाळपर्यंत तोंडात काय घालत नाय. सुरमई करून समोर ठेवली तरी बघत नाय. दीड वर्ष झालं. कोणा जपान्याला जबान दिलीय म्हणतो. तुम्हीच सांगा त्याला, यल्ला, खलास कर म्हणावं आता!"

मी आत गेलो. सोमनाथ छताकडे बघत पडला होता. त्याच्या पलंगाशी उभं राहायची माझी लायकी नव्हती, आणि तरी मी आवाज चढवूनच बोललो, कारण मला दुसरं काही जमत नाही.

"अरे वेड्या, तो उपास मी थापला होता! तुला ठाऊक आहे ना?"

"तेव्हाच कळला, साहेब. इंग्लिश येवडा येता माका."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलूचा? मॅनेजर तुमी."

"आणि हे आता काय चालवलंयस?"

तो वळला. "तुमी खोटा सांगलास. पण मी तेंका शब्द दिलंय तो खोटो कसो करू? ती बाई थय मरणाक टेकली हा, आणि मी सोमवारी बांगडो खाव?"

मी तिथून निघालो आणि ठरवलं, पुढच्या खेपेला हिराओकांना सगळं सांगून टाकायचं. पुढच्या खेपेला त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. अशा वेळी कसं सांगणार? त्यापुढच्या खेपेला आमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. त्यापुढे ते सर्दीने बेजार होते. शेवटची दोनतीन कारणं मला आता आठवतही नाहीत, इतकी ती फालतू असणार. सोमवार येत होते, मी वर जाऊन वाम खात होतो आणि तो खाली तिच्या धुरात बसत होता. फरक एवढाच की आता तो खरोखर उपाशी असायचा आणि मला ते माहीत असायचं. मी वाम अर्धी टाकायला लागलो. हिराओकांना वाटायचं, मला ती आवडत नाही.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात त्यांचा फॅक्स आला. बायको पूर्ण बरी झाली, ते रिटायर होताहेत, शेवटच्या खेपेला दोघं येणार आहेत. फॅक्स मी सोमनाथला वाचून दाखवला. त्याने तो हातात घेतला, उलटा सुलटा बघितला आणि तसाच आईला फोन करायला टेलिफोनच्या बूथकडे गेला. तानुबाईंनी देवबागला आठ दिवसांत उद्यापन उरकलं. उपास सोडायचा तर मेहूण जेवायला घालावं लागतं, म्हणजे एखादं नवराबायकोचं जोडपं बोलावून मानाने वाढायचं. गावातलं एक जोडपं बोलावून त्यांनी ते केलं. सोमनाथ मला येऊन म्हणाला, "आवस म्हणाली, खऱ्या मेहुणाक तूच जेवक घाल. ती दोघां येतत ना थयसून?"

हिराओकाबाई अगदी लहानखुऱ्या होत्या. डोक्यावर नुकतेच परत आलेले आखूड, पांढरे केस. त्या उतरल्या होत्या त्या हॉटेलच्या दाराशी त्या सोमनाथसमोर इतक्या खाली वाकल्या की तो बिचारा हात जोडत मागे मागे सरकत गाडीच्या दारावरच आपटला.

पुन्हा तोच जिना. हिराओका पहिल्या पायरीवर वळले, "सोमनाथ-सान, टुडे..." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा सोमनाथच्या उपासाबद्दल मीच सांगितलं होतं, म्हणून असेल. मी म्हणालो, "टुडे ही कॅन ईट." जणू परवानगी द्यायला माझ्या बापाचा जिना होता तो.

सोमनाथ वर आल्यावर टेबलाकडे गेलाच नाही. थेट काचेशी गेला. म्हातारा मालक टबातून वाम काढत होता आणि ती त्याच्या मुठीतून वळवळत होती. सोमनाथने काचेबाहेरून फुंकर मारून, बोटं चोळून राख करून दाखवली. म्हाताऱ्याला ते पटकन कळलं. तो खो खो हसला आणि त्याने काच सरकवून सोमनाथला आत बोलावलं. डोकं खिळ्यावर, सुरीचा एक फटकारा, आणि पाठ उघडी. "आमी पोटाकडसून चिरतंव," सोमनाथ मला ओरडून म्हणाला. "पण हात बगा साहेब तेचो!" पाऊण तास तो तिथेच उभा होता. मला पहिल्यांदाच तो पाऊण तास कमी पडला.

डबे आले. सोमनाथने झाकण काढलं, डब्याभोवती पाण्याचं बोट फिरवलं, भाताची चार शितं बाजूला काढून ठेवली आणि हात जोडले. समोर बघतो तर हिराओकाबाईंनीही जेवणाआधी हात जोडलेले. त्यांच्यात तसं करतात. दोघं एकमेकांकडे बघून हसली. मग सोमनाथने मेहुणाला मानाने, दोन्ही हातांनी, एकेक काप वाढला, आणि वेटरकडे बेधडक चमचा मागितला.

तो कसा जेवला ते मी मुद्दाम बघत होतो. भुरका नाही, चोखणं नाही, काही नाही. सावकाश, खाली मान घालून, देवळात जेवावं तसा. पहिला घास गिळून त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "गोड आसा. आवशीक आवाडली असती." मग जरा विचार करून, "पण हेका कोकम व्हया होता."

ज्या जेवणापासून मी त्याला पाच वर्षं लांब ठेवलं, ते जेवण हे असं होतं.

तेवढ्यात हिराओकाबाई माझ्याकडे वळल्या. त्या काहीतरी म्हणाल्या आणि नवऱ्याने ते इंग्रजीत सांगितलं, "माय वाइफ सेज थँक यू. फर्स्ट टाइम, यू टोल्ड मी अबाउट हिज मंडे. इफ यू डिड नॉट टेल, वी नेव्हर नो." आणि त्या बाई टेबलाला कपाळ टेकेल इतक्या माझ्यासमोर वाकल्या.

मी काड्या खाली ठेवल्या. त्या खोटेपणाचे आभार मानले जात होते, माझ्या तोंडावर, आजारातून उठलेल्या बाईकडून. शरमेने माणसाला घाम फुटतो हे मी ऐकलं होतं. त्या दिवशी एअर कंडिशनरखाली माझा शर्ट पाठीला चिकटला. मी म्हणालो, "मॅडम, आय मस्ट टेल यू..."

"सर नो ईटिंग," सोमनाथ मध्येच म्हणाला. त्याने माझ्या डब्यावर झाकण ठेवलं. "सर फास्टिंग टुडे. माय मंडे फिनिश. नाऊ सर मंडे स्टार्ट."

दोघं माझ्याकडे आदराने बघायला लागली. सोमनाथही बघत होता. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "येस. फास्टिंग."

परतताना मसाफीला हिराओकांनी गाडी थांबवली आणि माझ्यासाठी केळी आणली. मी बाहेर उभं राहून दोन केळी खाल्ली. सोमनाथ तेवढा वेळ पुढची काच पुसत होता. ती स्वच्छच होती.

त्यांना हॉटेलवर सोडल्यावर मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो आणि विचारलं, "का थांबवलंस मला?"

"त्या बाईक बरा वाटला ना साहेब? आपल्यासाठी कोण तरी उपाशी रवलो, असा तेंका वाटता. रवलंयच मां मी? मगे तेंचा ता कित्याक मोडूचा?" त्याने गिअर टाकला. "तुमचो सोमवार तुमी बगा."

दोन हजार दोन साली सोमनाथ कायमचा गावी गेला. त्याची बायको ममता देवबागला खानावळ चालवते आणि तो होडी घेऊन खाडीत जातो, असं हमीद सांगतो.

माझा सोमवार मी बघतोय. त्या दिवसापासून आजपर्यंत एकही चुकलेला नाही. देवासाठी करतो असं म्हणवत नाही. बरं, ही शिक्षा म्हणावी, तर तिच्यात मानच फार मिळतो. साधना रविवारी रात्री कौतुकाने साबुदाणा भिजवते. अकरा घरांत माझं नाव झालंय. निनाद मित्रांना सांगतो, "माय डॅड इज व्हेरी स्पिरिच्युअल." मी ऐकतो आणि खिचडी खातो. सोमनाथला ती कधी मिळाली नाही.

मागच्या आठवड्यात साधना म्हणाली, "तीन वर्षं होत आली. या सुट्टीत ठाण्याच्या घरी उद्यापन करून टाकू. मेहूण कुणाला सांगायचं?"

मी म्हटलं, "सोमनाथ आणि ममताला."

"कोण सोमनाथ? ड्रायव्हर?" ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. फक्त आश्चर्य होतं. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी जे बोललो, ते मला त्या एका शब्दात पुन्हा सगळं ऐकू आलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे मिटलं.

म्हणून हे लिहिलं. तोंडाने सांगायला घेतलं तर मी पुन्हा कुठेतरी केळी घ्यायला थांबेन, हे मला पक्कं माहीत आहे. हे कागद उद्या सकाळी तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवणार आहे आणि ती वाचून होईपर्यंत समोर बसणार आहे. मग देवबागला फोन करायचा आहे. सोमवारी उद्यापन झालं की त्या दोघांना मंगळवारीही ठेवून घेईन. ठाण्याच्या बाजारात वाम मिळते, आणि आमसुलं साधनाकडे आहेत.